पडणं टाळायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं

म्हातारं माणूस पडलं की "लागलं का?" हे सगळेच विचारतात. पडण्याच्या आधीच्या मिनिटाबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि पुढचं पडणं टाळायला तेच मिनिट कामाचं असतं. "पाय घसरला", "आता वय झालं" असं म्हटलं की शोध तिथेच संपतो. ६५ च्या पुढे साधारण तिघांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. उरलेले दोघंही त्याच वयाचे असतात आणि ते पडत नाहीत. म्हणजे वयाखेरीज आणखी काही कारण असतं, आणि बऱ्याचदा ते घरच्या घरी सापडतं.

आधी एक वही

साधी वही घ्या. तारीख, वेळ, जागा, त्या क्षणी काय चाललं होतं आणि पडण्याच्या आधी काय जाणवलं, एवढं लिहा. पडता पडता वाचले तर तेही लिहा. भिंतीला हात लावून सावरलं, ही नोंद प्रत्यक्ष पडण्याइतकीच मोलाची. दोन-चार नोंदी झाल्या की धागा दिसू लागतो.

खाटेवरून उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उभ्यानं रक्तदाब मोजा, पद्धत पुढे दिली आहे. तोल दर वेळी वळतानाच जात असेल तर मांड्यांची ताकद कमी झालेली असते, नाहीतर कधी कधी ती पार्किन्सनची (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) सुरुवात असते. पायरीची कड चुकत असेल तर चष्मा पाहा. दोन भिंगांच्या किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्याच्या अंतरासाठी असतो, त्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते. जे रोज बाहेर फिरतात त्यांनी चालण्यासाठी फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा करून घ्यावा.

एक नोंद मात्र नुसती लिहून ठेवण्यासारखी नाही: "कसं पडलो ते आठवतच नाही." अशा वेळी तळहात पाहा. शुद्धीतलं माणूस पडताना आपसूक हात पुढे करतं. चेहरा खरचटलेला आणि तळहात, मनगटं अगदी कोरी असली, तर जमिनीवर येण्याआधीच शुद्ध हरपली असावी. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. हृदयाचा ठोका चुकत असेल तर काठी आणि कठडे काही कामाचे नाहीत.

घरच्या घरी तीन चाचण्या

शेजारी कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं असू द्या. ज्यांना आधाराशिवाय उभंच राहता येत नाही त्यांनी या चाचण्या करू नयेत.

पहिली चाचणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण ४३ सेंमी उंच, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरा. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांना किमान १२ आणि स्त्रियांना ११ वेळा, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०, तर ८० ते ८४ मध्ये १० आणि ९ वेळा जमायला हवं. उठताना हात टेकावा लागला तर आकडा शून्य धरायचा. हे कठोर वाटतं, पण त्या शून्यातच खरी माहिती असते.

दुसऱ्या चाचणीत खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजची काठी चालते. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. आमच्या मते घड्याळापेक्षा वळण नीट पाहावं. तीन-चार पावलांत वळतात, की जागच्या जागी आठ-दहा बारीक पावलं टाकतात?

तिसरी तोलाची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना चिकटवून, एका रेषेत १० सेकंद उभं राहायचं. तेवढं जमलं नाही तर व्यायाम इथूनच सुरू करायचा आहे असं समजा.

रक्तदाब उभं राहून मोजणं

बसून मोजलेला रक्तदाब उत्तम असणारी कितीतरी माणसं उभं राहताच पडतात, कारण उठल्यावर तो किती उतरतो हे कुणी पाहिलेलंच नसतं.

पाच मिनिटं आडवं पडू द्या आणि मोजा. पट्टा हातावर तसाच ठेवून उभं करा. एक मिनिटानं मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा जास्त उतरला, तर उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पोचतं आहे. मधेच गरगरलं तर लगेच बसवा. तेवढीच नोंदसुद्धा डॉक्टरांना पुरेशी असते.

यात हमखास होणारी चूक हाताची. उभं राहिल्यावर हात खाली लोंबता राहतो आणि यंत्र फसतं. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली असला तर आकडा सात-आठनं जास्त येतो, आणि जी घट शोधायची तीच झाकली जाते. मदतनिसानं हात कोपराखाली धरून छातीच्या मध्याशी आणावा. दुसरी चूक वेळेची. सकाळी उठल्याबरोबर, जेवल्यानंतर आणि रक्तदाबाची गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांनी मोजा, कारण घट दिसते ती याच वेळांना. दुपारी चारला सगळं ठीक असतं.

घट सापडली तर गोळ्यांचं डॉक्टर पाहतील. तोवर उठायची पद्धत बदला. आडवं असतानाच पावलं वर-खाली २०-३० वेळा हलवायची, कुशीवर वळून उठून बसायचं, पाय खाली सोडून मिनिटभर थांबायचं, मग खाटेला धरून उभं राहायचं आणि दहापर्यंत मोजल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

गोळ्यांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ओता. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्याही त्यात असू द्या. विचारायचं एवढंच: यातल्या कुठल्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो आणि कुठल्या आता नकोत? झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम), अमिट्रिप्टिलिन, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅम्स्युलोसिन, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या आणि साखर फार उतरवणारी औषधं यांच्याकडे आधी बोट दाखवा. झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका. बरेच महिने घेतलेली गोळी अचानक तोडली तर झोप उडते, थरथर सुटते, झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक जाता जाता. "हाडांना बरं" म्हणून मोठे डोस घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला होता. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. डोस घेतलेल्या गटात पडण्याचं प्रमाण आणि मोडलेली हाडं दोन्ही जास्त निघाली.

काठी: उंची, हात, क्रम

घरात पडून असलेली कुणाची तरी काठी उचलून वापरायची, ही सर्रास चाल आहे. ती बहुधा उंच असते. नेहमीची पादत्राणं घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. काठी उंच असेल तर खांदा उचलला जातो, बुटकी असेल तर माणूस पुढे झुकतं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दुखऱ्या पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला कलते, आणि टेकू तिथेच लागतो. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे, मग चांगला पाय. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. दुसरा हात कठड्याला. टोकाच्या रबरी टोपीची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की टोपी बदला. ओल्या लादीवर गुळगुळीत टोपी काठी नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस भरवशानं भार टाकतं.

वॉकर वापरणाऱ्यांची एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. खुर्चीतून उठताना ते वॉकरलाच धरून स्वतःला ओढतात, आणि वॉकर अंगावर उलटतो. आधी खुर्चीचे हात दाबून उभं राहायचं, मग वॉकर धरायचा. बसताना पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागली की एकेक हात मागे न्यायचा.

खाटेपासून संडासापर्यंत

सगळं घर बदलायला निघू नका. रात्रीचा हा एक रस्ता आधी दुरुस्त करा. बसल्या जागी हात पोचेल असा दिव्याचा खटका, वाटेत घोट्याच्या उंचीवर मंद दिवे, वाटेतली सैल पायपुसणी आणि वायरी बाहेर. गुळगुळीत लादीवर नुसत्या मोज्यांनी चालू नये. टाच बंद असलेले, पातळ पण घट्ट तळाचे बूट मऊ स्लिपरपेक्षा बरे.

संडासातला कठडा नीट बसवलेला असेल तर खरा उपयोगी. दांडी ३ ते ४.५ सेंमी जाडीची, जमिनीपासून ८४ ते ९१ सेंमी उंच, आणि भिंतीपासून साधारण ४ सेंमी सुटी हवी. फट मोठी ठेवली तर घसरताना हात आत अडकून मोडतो. कठडा विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल बोल्ट मारूनच बसवा. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाला त्यावर पूर्ण भार टाकून ओढायला सांगा. टॉवेलची दांडी आणि हवेच्या दाबानं चिकटणारे कठडे अंगाचा भार घेत नाहीत. कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंमी उंच असली की गुडघ्यांना उठणं सोपं जातं.

रात्रीच्या फेऱ्या कमी केल्या तर धोकाही तेवढा कमी. संध्याकाळपर्यंत पायांवर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडा. नाहीतर तेच पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडतं. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. उभ्यानं करताना रक्तदाब उतरून चक्कर येणं नवीन नाही.

व्यायाम: थोडं डगमगायला हवं

नियमित व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, पण तो व्यायाम तोलाचा हवा. खुर्चीत बसून हात हलवण्यानं तोल सुधारत नाही. नुसतं चालणंही पुरत नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात तयार झालेला व्यायामक्रम यासाठी जगभर वापरतात. पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय दोनदा चालणं, असा त्याचा साचा आहे.

ओट्यासमोर उभं राहून सुरुवात करा, मागे खुर्ची ठेवा. खुर्चीतून उठ-बस १० वेळा. ओटा धरून टाचा उचलणं १०, मग चवडे उचलणं १०. बाजूला दहा पावलं आणि परत. एकापुढे एक पाऊल ठेवून १० सेकंद. हे दोन हातांच्या आधारानं सहज जमलं की एक हात, मग दोन बोटं, मग हात ओट्यावर तरंगता. अजिबात डगमगत नसाल तर व्यायाम फार सोपा आहे, आधारासाठी झडप घालावी लागत असेल तर फार अवघड. सगळं मिळून आठवड्याला तीन तासांपर्यंत न्या. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. बंद केलं की महिन्या-दोन महिन्यांत कमावलेलं उतरू लागतं.

जमिनीवरून उठणं

हे कुणी शिकवत नाही. कित्येकांना पडून काही लागलेलं नसतं, फक्त उठता येत नाही. तासाहून जास्त एकाच जागी पडून राहिलं की स्नायू दबून झिजतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, कातडीला जखमा होतात. म्हणून हे बरं असताना, गादीवर, कुणाच्या तरी सोबत शिकून घ्या. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

पडल्यावर पहिलं मिनिट उठायचंच नाही. श्वास घ्या, हातपाय एकेक करून हलवा. जांघेत कळ येत असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, तर तसंच पडून मदत बोलवा. खुबा मोडला असण्याची शक्यता असते. काही दुखत नसेल तर:

१. गुडघे वाकवून कुशीवर वळा. वरचा हात छातीसमोर जमिनीवर टेका.
२. खालचं कोपर आणि वरचा तळहात दाबून अर्धवट बसा. इथे थांबा, घाई नको.
३. दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या, म्हणजे रांगायच्या स्थितीत.
४. भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जा. चाकाची किंवा हलकी खुर्ची नको.
५. दोन्ही हात बैठकीवर ठेवा. जास्त ताकदीचा पाय पुढे घेऊन तळवा सपाट टेका.
६. हात आणि तो पाय एकाच वेळी दाबून कंबर उचला, वळा, बसा. उठून लगेच चालू लागू नका.

सगळ्यात जास्त माणसं तिसऱ्या पायरीवर अडतात, कारण गुडघे जमिनीवर टेकवत नाहीत. मदतनिसानं तिथे घडी घातलेली चादर सरकवावी. मदतनिसाचं बाकीचं काम खुर्च्या आणण्याचं: एक समोर आणि उठल्यावर बसायला एक मागे. काखेत हात घालून उचलू नये. त्यात एकाचा खांदा जातो, दुसऱ्याची पाठ.

उठताच येत नसेल तर पोटाखाली-पाठीखाली काहीतरी मऊ ओढून घ्या, दर काही मिनिटांनी कूस बदला, पाय हलवत राहा, अंगावर जे मिळेल ते पांघरा. फोन उंच टेबलावर असेल तर जमिनीवरून पोचत नाही. तो खिशात किंवा गळ्यात हवा.

अपंगत्व आधीपासून असेल तर

इथे वरचे काही सल्ले बदलतात. लहानपणी पोलिओ झालेल्यांना १५ ते ४० वर्षांनी नवा अशक्तपणा, थकवा, दुखणं सुरू होऊ शकतं, आणि ते ज्या "चांगल्या" पायावर आयुष्य काढलं त्या पायातही. त्यांना "आणखी जोर लावा" सांगणं नुकसानीचं. थकण्याआधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाय जड किंवा दुखरा वाटला तर कालचं प्रमाण जास्त होतं. वीस वर्षांपूर्वीच्या मापाचा कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) पुन्हा मापून घ्या.

पक्षाघात झालेल्यांसोबत चालताना दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहा, कारण पडणं बहुधा त्याच बाजूला होतं. दुबळा हात धरून कधीही ओढू नका, खांद्याचा सांधा निसटतो. जमिनीवरून उठताना चांगल्या कुशीवर वळायचं आणि चांगला पाय पुढे घ्यायचा.

पाय कापलेला असेल तर धोक्याची वेळ रात्रीची. अर्धवट झोपेत पाय आहेच असं वाटून माणूस पाऊल टाकतं, वर्षं उलटली तरी. कुबड्या किंवा खुर्ची उठण्याच्या बाजूला, हाताला आधी लागतील अशा ठेवा.

व्हीलचेअरवाले बहुतेक वेळा खुर्चीतून दुसरीकडे सरकताना पडतात. खुर्ची तिरकी, साधारण ३० ते ४५ अंशांत लावा, दोन्ही ब्रेक लावा, पावलांच्या पट्ट्या बाजूला करा. पुढे वाकण्याआधी छोटी चाकं पुढच्या दिशेला वळवून घ्या, नाहीतर खुर्ची तोंडावर येते. ब्रेक लावूनही खुर्ची सरकत असेल तर ब्रेक बदलण्याआधी हवा तपासा. टायर मऊ पडला की ब्रेकचा दांडा त्यावर नीट बसत नाही. मणक्याच्या इजेमुळे पायांत संवेदना नसेल तर "दुखत नाही" यावर विसंबू नका. त्या पायांची हाडं विरळ झालेली असतात आणि मोडली तरी कळत नाही. सूज, गरमपणा, लाली किंवा पाय आखडण्याचे झटके वाढले तर एक्स-रे काढा.

पडल्यानंतरचे आठवडे

डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल (वॉरफरिन, ॲपिक्साबान, क्लोपिडोग्रेल), तर काही होत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी चालू नसली तरी उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, एका बाजूची ताकद कमी होणं यांवर लक्ष ठेवा. वयस्कर माणसात मेंदूच्या आवरणाखाली रक्त इतकं सावकाश साठू शकतं की लक्षणं कित्येक आठवड्यांनी दिसतात: विसरभोळेपणा वाढला, झोप वाढली, पाय ओढत चालतात. तोपर्यंत ते पडणं घरात कुणाच्या लक्षातही नसतं. वहीत तारीख लिहिलेली असेल तर डॉक्टर लगेच स्कॅन सांगतात.